घेणारीची सही

पत्ते पिसावेत तशी तिने कार्डं पिसली, त्यातलं एक ओढून पलंगाच्या कडेवर उपडं ठेवलं आणि बाबांच्या डाव्या हातात आपलं मनगटी घड्याळ दिलं.

"एक मिनिट झालं की एक बोट. मग मी बोलायला लागेन. पुढची दोन मिनिटं झाली की दोन बोटं. मधे काही नाही. माझी दया येऊ द्यायची नाही, सांगून ठेवते."

बाबांनी मान हलवली. सलाईनचे थेंब मोजावेत तसं घड्याळ त्यांनी डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं.

तिने कार्ड उलटलं. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या सुंदर ठिकाणाविषयी बोला. मिनिटभरात तिने चिठोऱ्यावर चार शब्द लिहिले: तळं, झाडं, हवा, शांतता. एक बोट वर झालं. ती इंग्रजीत बोलू लागली. तळं मोठं आहे. झाडं पुष्कळ आहेत. हवा चांगली आहे. मग ती थांबली. ते तळं तिने औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलं होतं, आणि कॅलेंडरवर त्याहून जास्त काही नव्हतं. खाली कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. पंप घरघरत राहिला, ती कार्डाकडे बघत राहिली. शेवटी दोन बोटं वर झाली.

"किती बोलले?"

बाबांनी चार बोटं दाखवली, मग मूठ मिटली. चाळीस सेकंद.

इंग्रजीची परीक्षा परवावर आली होती. तिसरी खेप. वाचणं आणि ऐकणं या दोन भागांत तिला कधीच अडचण आली नव्हती. लिहिण्यात आणि बोलण्यात मात्र दोन्ही वेळा अर्ध्या अर्ध्या गुणाने गाडी अडली. परदेशातल्या एका इस्पितळाने तिची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती, त्यानंतर नाही. आणि इथलं इस्पितळ, जिथे तिने एकोणीस वर्षं काढली, ते पलंगापलंगाने रिकामं होत होतं. तिसऱ्या मजल्याला कुलूप लागलं होतं. दुसऱ्यावर अकरा रुग्ण उरले होते. महिना संपला की सगळ्या नोकरवर्गालाही मोकळं करणार होते. ती त्रेचाळीस वर्षांची होती. दोन ठिकाणी विचारून आली, तेव्हा दोन्हीकडे सांगितलं होतं, "सिस्टर, तुमचा अनुभव दांडगा आहे, पण आम्हाला नवीन मुली हव्यात."

बाबांना तिने सांगितलं होतं की परीक्षा बढतीची आहे.

बाबा त्याच इस्पितळात मामा, म्हणजे वॉर्डबॉय, होते. एकतीस वर्षं त्यांनी चादरींची ट्रॉली ढकलली. पाळी बदलायच्या वेळेला वॉर्डात शिरायचं, मळलेलं घ्यायचं, धुतलेलं द्यायचं. ती नोकरीला लागली तेव्हा रीतीप्रमाणे त्यांनी तिला सिस्टर म्हणायला सुरुवात केली आणि तिने त्यांना मामा. कपड्यांच्या खोलीत ते सगळ्यांना हसवायचे, "पोटची पोर माझी सिस्टर, आणि मी तिचा मामा. आता बापाचं काम कुणाकडे द्यायचं ते मेट्रनबाईंनी ठरवावं." त्याच खोलीत, चाळिशी उलटल्यावर, मेट्रनबाईंनी त्यांना अक्षरं शिकवली. तोवर हजेरीपटावर अंगठा असायचा. पुढे ते सही करू लागले, एकेक अक्षर सुटं, जणू प्रत्येकाला बसायला वेगळा पाट. चौदा महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही एका सकाळी गेलं. आता जे काही सांगायचं ते डाव्या हाताने लिहीत, फार थोडं.

"दुसरं घेऊ," ती म्हणाली. पण कार्डाला हात लावला नाही. तिने दप्तरातून निबंधाची वही काढली. सकाळी क्लासच्या सरांनी ती परत दिली होती. सर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलताना खडू एका हातातून दुसऱ्यात झेलणारे. म्हाताऱ्यांची काळजी घरच्यांनी घ्यावी की संस्थेने, असा विषय होता.

"मॅडम, एकशे बारा शब्द? अडीचशे लागतात."

"होतं ते सगळं लिहिलंय."

"यात तुमचं मत कुठंय?"

"मत लिहायचं नसतं सर. जे दिसलं ते लिहायचं, असंच शिकवलंय आम्हाला."

"ते केसपेपरवर! इथे पेशंट मरत नाही, मार्क मरतात." मग खडू खाली ठेवून ते जरा नरमाईने म्हणाले होते, "बरं, बोलायचं तरी बघा. दिवसभरात कुणाशी सलग दोन मिनिटं बोलत नाही का तुम्ही?"

"घरी ऐकणारे एकच आहेत. त्यांना बोलता येत नाही."

"मग उत्तमच की, मधे तोंड घालणार नाहीत." बोलून गेल्यावर सरांचे कान लाल झाले. "म्हणजे... सॉरी मॅडम."

तिने वही मिटली तोच फोन वाजला. धाकट्या भावाचा होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून घेतलं.

"सांगितलंस का बाबांना?" भावाने विचारलं.

"पास झाले की सांगेन."

"म्हणजे नापास झालीस तर त्यांना कधी कळणारच नाही. झकास."

"टोमणे नंतर मार. खोली रिकामी केलीस?"

"करतोय. ताई, ऐक, मी त्यांना ठेवून घेतो म्हटलंय ना, माझा शब्द आहे. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कधी कुठल्या कुशीवर, पाणी कसं, काय. तुमच्यात ते असतं ना, ड्युटी बदलताना एकमेकींना सांगता..."

"ओव्हर."

"तो दे मला. आणि लिहून दे. माझ्या डोक्यात राहत नाही."

"बघते."

"बघते नको. चार वेळा बघते म्हणालीस."

खरंच चार वेळा म्हणाली होती. चारही वेळा कागद घेऊन बसली, वर तारीख घातली आणि बाबांचं नाव लिहायच्या जागी हात अडला. ती बाहेर आली. बाबा छताकडे बघत होते. घड्याळ मुठीत तसंच होतं.

"बढतीचंच बोलणं होतं," ती म्हणाली, कुणी विचारलं नव्हतं तरी.

तिने पुढचं कार्ड उलटलं. तुम्ही बराच काळ ओळखत असलेल्या एका व्यक्तीविषयी बोला.

मिनिटभरात तिने चिठोऱ्यावर काहीच लिहिलं नाही. बोट वर झालं. तिने तोंड उघडलं. माझे वडील चांगले आहेत. माझे वडील मेहनती आहेत. शब्द येईनात. क्लासमध्ये पाठ करून घेतलेली वाक्यं एकेक करून तोंडाशी आली आणि ओळखीच्या घरात चुकून शिरलेल्या परक्या माणसासारखी मागे फिरली. तिने कार्ड मुठीत चुरगाळलं, स्टुलावर बसली आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यावर कपाळ टेकलं. परवा हेच होणार. समोर परका माणूस असेल, टेबलावर आवाज टिपणारं यंत्र असेल, आणि तिची चाळीस सेकंदं संपलेली असतील. मग महिनाअखेर. मग दोघांनी एकमेकांची तोंडं बघत या खोलीत बसायचं.

बाबांचा डावा हात घड्याळासकट तिच्या डोक्यावर येऊन थांबला. काच गार लागली.

ती उठली. का उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. ओव्हर बसून देत नाहीत, एवढंच तिच्या पायांना ठाऊक होतं. जाणारी सिस्टर येणारीला एकेका पलंगाच्या पायथ्याशी उभी करते, आणि रुग्ण, त्रास, दिलेलं, द्यायचं, सगळं न थांबता सांगत जाते, अर्धं आपल्या भाषेत, अर्धं इंग्रजीत. वहीत डावीकडे देणारीची सही, उजवीकडे घेणारीची. दोन्ही झाल्याशिवाय जाणारीने वॉर्डाबाहेर पाय टाकायचा नाही, मग घरी कुणी का वाट बघत असेना. एकोणीस वर्षांत तिने किती ओव्हर दिले असतील त्याला गणतीच नव्हती.

ती पलंगाच्या पायथ्याशी गेली, हात मागे बांधले आणि इंग्रजीत सुरू झाली. या वेळी सगळंच इंग्रजीत.

रुग्ण पुरुष, वय चौऱ्याहत्तर. चौदा महिन्यांपूर्वी झटका. उजवा हात-पाय निकामी, वाचा गेलेली, समज शाबूत. दर दोन तासांनी कूस बदलायची. उजव्या कुशीवर अर्ध्या तासाहून जास्त नाही, खांदा दुखतो, पण तो स्वतःहून सांगत नाही, भुवई बघावी. पाणी घट्ट करून, चमच्याने, हनुवटी खाली. घाई केली तर ठसका लागतो, आणि ठसका लागला की तो लाजतो. दाढी दिवसाआड, झाल्यावर आरसा दाखवायचा. चादरीला सुरकुती चालत नाही. एकतीस वर्षं चादरी मोजलेला माणूस आहे. बेडपॅन घेताना डोळे मिटतो, तेव्हा त्याच्याशी बोलू नये, रेडिओ लावावा. सुनेकडून घेणार नाही, मुलानेच द्यावं. रात्री शांत झोपतो.

ती क्षणभर थांबली. अडखळली म्हणून नव्हे. ओव्हरमध्ये पुढचा कार्यक्रम शेवटी सांगतात.

रुग्णाला महिनाअखेर मुलाकडे हलवायचं आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर गेला की बहुतेक खाली येणार नाही. मुलगी परदेशी कामाला जाणार, निदान तीन वर्षं. रुग्णाला हे सांगितलेलं नाही. सांगणारीची छाती होत नाही. मला माझं मत विचारतात. माझं मत असं की तिने जाऊ नये. आणि न जाऊन दोघांचं भागेल असा रस्ता मला दिसत नाही. बाकी विशेष काही नाही.

खालचा पंप कधीच बंद झाला होता. तिने बाबांच्या हातातलं घड्याळ वाकून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"चार मिनिटं! बाबा, चार मिनिटं बोलले मी. तुम्ही बोटं का नाही दाखवलीत?"

बाबांनी घड्याळ छातीवर ठेवलं आणि हवेत लिहिल्यासारखा हात फिरवला.

"काय हवंय? पाणी? कूस बदलू?"

हात पुन्हा फिरला. तिने निबंधाची वही कोऱ्या पानावर उघडून त्यांच्या पोटावर धरली आणि पेन बोटांत दिलं. ते बराच वेळ लिहीत होते. अक्षरं सुटी, डाव्या हाताने आणखीच सुटी झालेली. ती उलटी वाचत होती, म्हणून शेवटचं अक्षर होईपर्यंत नीट लागेना. मग तिने वही फिरवली.

झोप नाही. दोन महिने.

तिने दोनदा वाचलं. दोन महिन्यांपूर्वीच ती परदेशातल्या जागेचं पहिल्यांदा बोलली होती. फोनवर, भावाशी, स्वयंपाकघरात, दार ओढून. आणि रात्री शांत झोपतो हे ती आत्ता बोलली होती, इंग्रजीत.

"बाबा..."

बाबांनी पलंगाच्या पायथ्याकडे पाहिलं, ती उभी होती तिथे. मग नजर आणखी जरा मागे गेली, भिंतीशी, दोन सिस्टरांच्या पाठीमागे चादरींची ट्रॉली धरून माणूस उभा राहील तेवढ्या अंतरावर. एकतीस वर्षं, रोज, पलंगापलंगाशी, ओव्हर कानावर पडत. तिने तोंडावर हात धरला.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली. "पास झाले की."

बाबांनी मान हलवली नाही. वही ओढून घेतली. झोप नाहीच्या खाली, पानाच्या मधोमध, वरून खाली एक वाकडी रेघ मारली. रेघ पुरी होताना पेन दोनदा घसरलं. मग रेघेच्या उजवीकडे, घेणारीच्या जागी, त्यांनी एकेक अक्षर बसवत सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट. शेवटचं अक्षर होईतो कपाळावर घाम आला. मग पेन तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं नाही. तिने टॉवेल घेतला आणि त्यांचं कपाळ टिपलं, मग मान, मग पुन्हा कपाळ, जिथे आता काहीच नव्हतं. चादरीची एक सुरकुती तिला दिसली. ती तिने तळव्याने ओढून सपाट केली. पेन तसंच समोर धरलेलं होतं.

हात अवघडल्यावर बाबांनी ते वहीच्या घडीत ठेवून दिलं. छातीवरचं घड्याळ चाचपडून उचललं, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरलं आणि हनुवटीने कार्डांच्या गठ्ठ्याकडे खूण केली.

तिने डोळे पुसले, वरचं कार्ड उलटलं आणि ते घेऊन पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. पोटावरची वही उघडीच होती, रेघेच्या डावीकडे कोरी. मिनिट संपलं तसं बाबांनी एक बोट वर केलं.