आधी मास्क, मग हाक

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे बरं का. विषारी वायूपासून आणि अणुस्फोटाच्या धुळीपासून वाचवणारा पोशाख कसा घालायचा, हे फौजेतल्या पोरांना शिकवणारा हा माणूस. आतून कोळशाचा थर लावलेला जाड सूट, रबरी हातमोजे, रबरी बूट आणि डाव्या कमरेला पिशवीत मास्क. सरावाच्या जुन्या सुटांचा कोळसा झडायचा, त्यामुळे संध्याकाळी स्वारी घरी यायची ती मानेवर काळी रेघ घेऊन. बायको दारातच अडवायची. "आलात कोळसे विकून? आधी अंघोळ, मग चहा."

पण शिकवताना एका बाबतीत तो प्रत्यक्ष देवाचंही ऐकायचा नाही. वायूची नुसती शंका आली की श्वास बंद, डोळे बंद, तोंड बंद. हात कमरेला, मास्क तोंडावर, आतली हवा फुंकून बाहेर. आणि मगच ओरडायचं, "गॅस!" नव्या पोरांना हे पटायचं नाही. शेजारी जोडीदार उभा असताना त्याला आधी सावध करायला नको? मास्तर उखडायचा. "अरे शहाण्या, ओरडायला हवा लागते! ओरडलास की पुढचा श्वास विषाचा. मग तू आडवा, आणि तुला उचलायला आला तोही आडवा. जो आधी ओरडला, तो पुन्हा कधी ओरडला नाही!" पोरं जेवत असोत, घोरत असोत, हा मागून जाऊन इशारा द्यायचा. डोक्याला विचारत बसलात तर मेलात, असं त्याचं म्हणणं. लढाईपुरतं ते खरंही होतं.

त्या दिवशी सुट्टी होती. बायकोने पदर खोचला आणि "आज या फरशीचा सोक्षमोक्षच लावते" म्हणत न्हाणीघरात शिरली. अ‍ॅसिड ओतलं, डाग हटेनात. मग त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली. एकाने भागत नाही तर दोन्ही घाला, हा तिचा स्वयंपाकातलाही खाक्या. मास्तर बाहेरच आरशासमोर दाढी करत होता. नाकात एकदम झोंबरा वास शिरला.

श्वास बंद. डोळे बंद. तोंड बंद. हात डाव्या कमरेला.

कमरेला काय असणार? पायजम्याची नाडी! हात तीच चाचपत राहिला. आत बायकोला ठसका लागला. "अहो!" तिने हाक मारली. ठसका वाढला, पुन्हा एक हाक आली, ती अर्धीच. मग बादली कलंडल्याचा आवाज झाला. आणि हा बाबा गच्च डोळे मिटून तिथेच उभा. तोंड उघडावं असं मनात आलं, पण उघडेना. मास्क चढल्याशिवाय उघडायचं नाही, असं त्या तोंडाला त्यानेच इतकी वर्षं बजावलं होतं.

स्वयंपाकघरातून मुलगी धावत आली. नाकाला ओढणी लावून तिने आईला काखेत धरलं आणि फरफटत बाहेर नेलं. जाताना तिचा धक्का बापाला लागला, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले.

बायको वाचली. घसा मात्र भाजून निघाला, आवाज पार बसला. मुलीने बापाशी अबोला धरला. नातेवाईक म्हणाले, "घाबरला असेल हो, होतं माणसाचं." तिकडे फौजेतली पोरं कुजबुजली, "मास्तरची तंतरली म्हणे!" त्याने सगळ्यांना बोलू दिलं. भित्रा ठरणं त्याला परवडत होतं. खरं दुखणं वेगळंच होतं, त्याचं काहीएक चुकलं नव्हतं. एखाद्या पोराने हे इतक्या चटकन केलं असतं, तर त्याने त्याची पाठ थोपटली असती.

दवाखान्यातून घरी आल्यावर बायकोने त्याला जवळ बसवलं. "एक विचारते. खोटं बोलायचं नाही."

"विचार."

"मी हाक मारली, ती ऐकू आली होती?"

नळ चालू होता, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वासही ठेवला असता.

"आली," तो म्हणाला. "दोन्ही आल्या."

"मग?"

मग त्याने उठून सगळं करून दाखवलं. मिटलेले डोळे, मिटलेलं तोंड, कमरेवरचा हात. आपल्या नवऱ्याचं काम ती पहिल्यांदाच बघत होती.

"म्हणजे घाबरला नव्हतात."

"नाही."

"घाबरला असतात तर बरं झालं असतं हो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "भित्र्याला धीर तरी देता येतो."

मास्तरला रडू कोसळलं. "मी मोडतो ही सवय. तू सांगशील तसा सराव करतो."

झाला सराव सुरू. ती इशारा द्यायची, हा "बाहेर पळ!" असं ओरडून तिचा हात धरायचा. आधीपासून ठाऊक असलं की झकास जमायचं. त्याचा चेहरा खुलला. मुलगीसुद्धा दारात उभी राहून बघू लागली.

एका दुपारी तो चहा पीत पेपर वाचत बसला होता. मागून जोराचा खोकला आला आणि हाक आली. "अहो!"

कप खाली पडून फुटला. श्वास बंद, डोळे बंद, तोंड बंद. हात कमरेवर नाडी चाचपू लागला.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं. मायलेकी बाहेर, पार रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. मुलीने आईचा हात घट्ट धरला होता. मास्तर उंबऱ्यापर्यंत आला, पण पलीकडे जायचा त्याला धीर होईना.

"खोकला खोटाच होता," बायकोने जमेल तेवढा आवाज काढून सांगितलं. "तुमच्यासाठी थांबले नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. तुम्ही शिकवणारे, तुम्हीच सांगा. बरोबर केलं ना?"

मास्तरला 'नाही' म्हणायचं होतं. थांब म्हणायचं होतं, एकदा तरी हात ओढून बघ म्हणायचं होतं.

"बरोबर केलंस," मास्तर म्हणाला. "दर वेळी असंच कर."