झाकणाखाली फिरणारा उजेड

मी एक जुनी चकती आहे. स्फटिकाची, आरपार दिसणारी, मसुराच्या दाण्याएवढी. लोक मला घड्याळ म्हणतात. मित्रांनो, मला काटे नाहीत, आकडे नाहीत, आणि आत्ता किती वाजले आहेत हे मला आजवर कधी समजलेले नाही. तरीही म्हणतात. माझ्या आयुष्यात असे न उलगडलेले बरेच काही आहे. जमेल तसे सांगते.

माझा जन्म पॉलिशवाल्या काकांच्या हातून झाला. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर त्यांची खोली होती. त्यांनी मला पितळी दांडीवर बसवून गरगर फिरवले आणि माझ्या कडेला हिऱ्याची पूड लावून घासले. मग त्याहून बारीक पूड, मग त्याहूनही बारीक. काका कामाला बसले की माणसांशी बोलत नसत, मात्र मशीन अडले की त्याच्याशी कडाकडा भांडत. शेवटी एकदा त्यांनी मला भिंगाखाली धरले, श्वास रोखून पाहिले आणि म्हणाले, "काहीच दिसत नाही." माझे तोंड एवढेसे झाले. पण काका तर खूश होऊन मान डोलवत होते. आमच्या जातीत यापेक्षा मोठे कौतुक नसते, हे मला पुष्कळ नंतर कळले. कडेवर एक ओरखडा जरी दिसला, तरी ती चकती वाया जाते.

काकांनी मला वरच्या मजल्यावरच्या ताईंच्या हवाली केले. ताई तिथल्या शास्त्रज्ञ. त्यांनी केसाहून बारीक असा एक काचेचा धागा माझ्या कडेजवळ आणला आणि त्यातून लाल प्रकाश सोडला. प्रकाश माझ्यात शिरला आणि कडेकडेने पळू लागला. गोल अंगणात शिरलेल्या मुलाला दारच सापडू नये, तसे त्याचे झाले. लाखो फेऱ्या मारल्यावर तो बाहेर पडायचा. गंमत म्हणजे आत येताना त्याचा रंग एकच असायचा, आणि बाहेर पडताना शेकडो. ते सगळे रंग एकमेकांपासून सारख्या अंतरावर, फणीच्या दातांसारखे. ही जादू मी कशी करते ते मला विचारू नका. मी तर नुसती एका जागी बसलेली असते.

ताईंच्या बोलण्यावरून मला समजले ते एवढेच. प्रकाश एका सेकंदात इतक्या वेळा थरथरतो की ते मोजताना कोणत्याही यंत्राची दमछाक होते. माझ्या फणीच्या दातांमुळे ती थरथर यंत्राला मोजता येईल इतकी सावकाश होते. आणि ती मोजत राहिले, की वेळ इतकी अचूक धरता येते की घरातली घड्याळे लाजून बंद पडावीत. एवढे काम करायला पूर्वी खोलीभर सामान लागे. आता ते मी एका डबीत बसून करायचे होते.

मी स्वभावाने जरा विचित्रच आहे. प्रकाश आत आला की मी किंचित तापते, फुगते, आणि मग तोच प्रकाश माझ्यात नीट बसत नाही. म्हणजे आधी पाहुण्याला बोलवायचे आणि तो आल्यावर जागाच द्यायची नाही. ताई मला समजावून समजावून, प्रकाशाचा रंग अगदी हळू सरकवत, तो माझ्यात बसवत. खोलीत कुणी आले तर दार लावून तिथेच थांबायचे, हवा शांत झाल्यावरच पुढे यायचे, असा तिथला शिरस्ता होता. मोठे साहेबसुद्धा दाराशी गुपचूप उभे राहत. एका चकतीसाठी एवढी माणसे ताटकळतात, हे पाहून मला ओशाळल्यासारखे होई.

ताईंच्या आईचा फोन दुपारी येई. एकदा ताईंनी तो स्पीकरवर ठेवला होता.

"काय गं, तुझं घड्याळ किती वाजले सांगतं?"

"आई, ते वाजले किती ते नाही सांगत. सेकंद केवढा ते सांगतं."

"मग ऑफिसातून वेळेवर घरी कशी येशील?"

ताई हसल्या. पण आईंचा प्रश्न मला आजही बरोबरच वाटतो.

ताईंची नोकरी कच्ची होती. मोठ्या साहेबांनी त्यांना सांगितले होते, की हे घड्याळ एक महिना अखंड चालले, तर त्यांना इथेच कायम करून घेऊ. नाही चालले, तर दूरच्या शहरात एक जागा होती. ताईंच्या यजमानांचे काम इथे, मुलीची शाळा इथे. तिकडे जायचे म्हणजे एकटीनेच जायचे. मला एवढे समजले की तो महिना माझ्या भरवशावर आहे, आणि मी घाबरून गेले.

पूर्वी एकदा माझ्यावर धुळीचा कण बसला होता आणि सगळे बंद पडले होते. म्हणून या वेळी ताईंनी माझ्या डबीवर झाकण घातले. स्क्रू पिळताना धागा हलेल अशी त्यांना धास्ती होती, म्हणून त्यांनी झाकण गोंदाने चिकटवले. फट राहू नये म्हणून चारही बाजूंनी बोट फिरवले. इतक्या मायेने मला आधी कुणी सांभाळले नव्हते.

पहिले दोन आठवडे सुरेख गेले. मग मला कसेतरीच होऊ लागले. प्रकाश यायचा, पण थोड्याच फेऱ्यांत दमायचा. फणीचे दात एकेक करून पडू लागले. ताईंनी लेझर तपासला, वायरी तपासल्या, खोलीचा एसी तपासला. झाकण उघडले तर चाचणी तिथेच संपली असती, म्हणून तेवढे मात्र त्यांनी उघडले नाही. मला ओरडून सांगायचे होते, पण काय सांगणार? मला काय होते आहे हे माझे मलाच कळत नव्हते. महिना संपायला थोडे दिवस उरले असताना घड्याळ थांबले.

झाकण उघडले. काकांनी मला भिंगाखाली धरले. या वेळी त्यांना दिसले. माझ्या कडेवर घामासारखा पातळ थर होता. ताईंनी झाकण नाकाशी नेले, तर गोंदाचा वास आला. गोंद वाळता वाळता त्याची वाफ आतच कोंडली होती, आणि ती माझ्यावर बसत गेली होती.

साहेबांनी कारण विचारायला बोलावले. चकतीच सदोष असेल तर नवी चकती घेऊन पुन्हा एक महिना द्यायचा, पण हाताळणीत चूक असेल तर नाही, असा नियम होता. जिन्यात काकांनी ताईंना अडवले.

"चकती खराब निघाली म्हणून सांग. मी पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. माझं कोण काय वाकडं करणार?"

ताईंनी हातातले झाकण उलटे करून गोंदाच्या कडेवर बोट फिरवले. मग म्हणाल्या, "आणि उद्या दुसऱ्या कुणी असंच झाकण चिकटवलं तर? त्यालाही चकतीच खराब वाटेल, काका."

त्यांनी साहेबांना खरे ते सांगितले. साहेबांना वाईट वाटले, पण नियम नियमच राहिला. माझ्यात खोट नाही हे सिद्ध झाले आणि ताईंना शहर सोडावे लागले. त्यांनी मला वाचवले, की मी त्यांना बुडवले?

जाण्यापूर्वी ताईंनी मला धुतले, उघड्याच डबीत बसवले आणि प्रकाश सुरू करून दिला. मुलीचा फोन आला तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून बोलल्या.

मित्रांनो, आता माझी जागा नव्या चकतीने घेतली आहे आणि मी कपाटातल्या एका बशीत पडून असते. माझ्या अंगावर धूळ आहे, आणि तिची आता कुणाला काळजी नाही. वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण त्या महिन्यात मला उजेडापासून तोडले ते जपणाऱ्या हातांनीच. तेव्हा एवढेच म्हणते, जपा, पण ज्याला जपता त्याच्याकडे मधूनमधून बघतही जा.

आणि एक विचारायचे आहे. ताई गेल्यानंतरचा अख्खा महिना मी क्षणभरही न अडखळता चालले. सगळे दात जागच्या जागी होते. तो महिना ताईंचा म्हणून कुणी का धरला नाही, हे मला अजून कळलेले नाही. तुम्हाला कळले, तर मला समजावून सांगाल का?