माझ्या बुडावरची बारीक अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना खोका आहे. पण मला नुसतं खोका म्हणालात तर मला राग येतो. मी एका गाजलेल्या व्हिडिओ गेमची खास संग्राहक आवृत्ती आहे. माझ्या अंगावर सोनेरी ड्रॅगन आहे, आणि त्यावर पारदर्शक कागदाचं सील होतं. 'होतं' का म्हणालो, ते पुढे कळेलच.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटात कापडी नकाशा, फासे आणि योद्धा, वैदू व पंख पसरलेला ड्रॅगन यांच्या छोट्या मूर्ती नीट भरल्या. मग मला पालथं घालून कुणीतरी माझ्या बुडावर बारीक अक्षरांत काही छापलं. काय छापलं ते मला कळलं नाही. स्वतःचं बूड कुणाला दिसतं?

मला घेतलं एका चष्म्याच्या दुकानदाराने. हे माझे मालक. पूर्वी ते आणि त्यांची ताई हा गेम एकत्र खेळायचे. ताई योद्धा, मालक वैदू. ती लढायची आणि हे तिच्या जखमा भरायचे. दोघं शेवटच्या ड्रॅगनपर्यंत पोचले, तेवढ्यात ताईला जहाजावर इंजिनीयरची नोकरी लागली. ड्रॅगन राहिला तो राहिलाच. एकट्याने तो मारावा असं मालकांच्या मनातही आलं नाही.

मी घरी आलो तेव्हा मालकांनी भिंग घेऊन माझा कोपरान् कोपरा तपासला.

"अहो, खोका आहे की नवी नवरी?" मालकीणबाई म्हणाल्या.

"हात नको लावूस! सील तुटलं की सगळी मजा गेली. ताई आली की तिच्या हातूनच उघडायचं."

मग मी काचेच्या कपाटात जाऊन बसलो. घरी पाहुणा आला की पाणी नंतर, आधी माझं दर्शन. मी इतका फुगलो की पुठ्ठा असल्याचं विसरूनच गेलो. पण ताईची रजा काही जमेना. कधी जहाज लांबलं, कधी इंजिन बिघडलं. हळूहळू पाहुण्यांना आधी पाणी मिळू लागलं. माझं सोनं फिकं पडलं. मालकीणबाई माझ्यावरची धूळ पुसत आणि पुसताना मला बोल लावत. मला फार एकटं वाटायचं.

शेवटी ताई आली, पण एकाच दिवसासाठी.

"अरे, अजून तसाच ठेवलायस?" म्हणत तिने स्वयंपाकघरातली सुरी घेतली. मालकांनी डोळे मिटून घेतले. सील फाटलं, आणि मित्रांनो, खरं सांगतो, मला मोकळं वाटलं.

नकाशा निघाला, मूर्ती निघाल्या, फासे निघाले. गेमची डिस्क काही निघेना. मालकांनी मला उलटं करून पाठीत धपाटे घातले. तेव्हा ताईची नजर माझ्या बुडावर गेली.

"'यात गेम नाही. तो वेगळा विकत घ्यावा,'" तिने वाचलं. "अरे, दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावतोस ना तू?"

"दिव्याखाली अंधार," मालकीणबाई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं मिरवलं आणि पोटात गेमच नाही! मालकांनी घाईघाईने तो इंटरनेटवरून विकत घेऊन टीव्हीवर उतरवायला लावला, पण पडद्यावरची पट्टी गोगलगाईलाही लाजवेल अशी सरकत होती. आणि ताईला संध्याकाळीच निघायचं होतं. मालकांचं तोंड एवढंसं झालं.

ताईने ते पाहिलं. तिने कापडी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला.

"मी योद्धा, तू वैदू. अगं, तू ड्रॅगन हो."

"मी?" म्हणत मालकीणबाईंनी फासे आधी हातात घेतलेसुद्धा.

काय लढाई झाली म्हणून सांगू! मालकीणबाई काही केल्या मरायला तयार होईनात.

"इतकी वर्षं या खोक्याची धूळ मी पुसलीय. एवढ्यात नाही मरत मी!"

ताईच्या योद्ध्याला जखम झाली की मालक चष्मा पुसायचं मऊ कापड त्याच्या खांद्यावर घालत. ताई हसता हसता रडायला लागली. तेवढ्यात बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. ड्रॅगन अजून जिवंत होता.

"कुणी काही हलवायचं नाही," एवढं बजावून ताई गेली.

आता टेबलावर लढाई मांडलेली असते आणि घरचे मांडीवर ताटं घेऊन जेवतात. टीव्हीवर गेम कधीचा उतरलाय, पण तो कुणी सुरू केलेला नाही. माझं झाकण फाटलंय आणि पोटात चमचे ठेवलेत.

मित्रांनो, आवडती वस्तू जरूर जपा, पण तिला काचेत कोंडून ठेवू नका. ती ज्यांच्याबरोबर उघडायची, ती माणसं रोज रोज येत नाहीत. आणि हो, घेण्याआधी तिचं बूड वाचा!

योद्ध्याच्या खांद्यावरचं कापड मात्र मालक रोज बदलतात. मालकीणबाई हसल्या तरी ऐकत नाहीत. ताई येईपर्यंत जखम भरली पाहिजे, म्हणतात.