फाटकाजवळची जागा

ऑगस्टच्या शेवटी कॉलेजच्या आइस हॉकी टीमच्या कोच ब्रॅनिगनबाईंनी सिग्नेला खोलीत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं, तेव्हाच तिनं काय ते ओळखलं. बातमी चांगली असती तर बाईंनी ती बर्फाच्या रिंकवर सगळ्यांसमोर ओरडून सांगितली असती.

"कॅनडातल्या मॅनिटोबाहून एक मुलगी येतेय," बाई म्हणाल्या. "डारिया हॅलचुक. पहिल्या वर्षाला. गोलकीपर आहे."

सिग्ने समोरच्या खुर्चीत बसली.

"तुझ्याशी खोटं बोलत नाही. फार चांगली आहे ती."

"म्हणजे मी परत बाकावर."

"म्हणजे जी चांगली खेळेल ती खेळेल."

हेच वाक्य सिग्ने कालिओ तीन वर्षं ऐकत आली होती. तीन वर्षं ती ग्रेटा नावाच्या मोठ्या मुलीच्या मागे राखीव राहिली. मे महिन्यात ग्रेटा पदवी घेऊन गेली आणि शेवटचं वर्ष आपलं, असं सिग्नेनं मनाशी धरून टाकलं. उन्हाळाभर ती गावाकडच्या लाकडाच्या वखारीत काम करायची आणि संध्याकाळी पॅड बांधून गॅरेजच्या दारासमोर उभी राहायची. घरात दोघंच. बाबा टेनिसचे चेंडू मारायचे, ती अडवायची. बाबा काउंटीच्या रस्तेखात्यात होते. उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे आणि हिवाळाभर मोठ्या ट्रकनं रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचे. "हे वर्ष तुझं," असं तेही एकदा म्हणाले होते. ते फारसं कधी काही म्हणत नसत, म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं.

डारिया आली. उंच, हाडकुळी, खाली मान घालून बोलणारी. पहिल्या सरावात सिग्नेनं तिला बघितलं आणि मनातल्या मनात भांडण सोडून दिलं. पक, ती रबरी चकती, कुठे येणार हे त्या पोरीला आधीच कुणी कानात सांगून ठेवल्यासारखी ती हलायची. धावपळ नाही, धडपड नाही. पक यायचा आणि तिच्या हातमोज्यात जाऊन बसायचा.

मग ऑक्टोबरपासून सिग्ने पुन्हा फाटकाजवळ. बर्फावरच्या मुली मिनिटा-मिनिटाला बदलतात. दमलेली आत येते, ताजी बाहेर जाते. आत येणारीसाठी बाकाचं फाटक उघडायचं आणि लगेच लावून घ्यायचं, हे राखीव गोलकीपरचं काम. अंगावर सगळं चिलखत आणि डोक्यावर मास्कऐवजी लोकरीची टोपी.

"आजी, फाटक!"

"आजी, पाणी दे गं."

"आजी, सरक ना जरा, किती जागा अडवतेस!"

पहिल्या वर्षाच्या मुलींनी तिचं नाव आजी पाडलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं. सगळ्या तिच्याशी चांगल्याच वागत. वाढदिवसाला केक आणला, आजारी पडली तेव्हा सूप आणून दिलं. पण मॅचनंतर कपडे बदलताना सगळ्यांचं बोलणं मॅचमधल्या घडामोडींचं असे, आणि त्यात सिग्नेनं सांगावं असं काही नसे. तिचे कपडे कोरडेच असत. ती सगळ्यांच्या आधी आवरून बाहेर पडायची.

घरच्या मैदानावर मॅच असली की बाबा दोन तास गाडी चालवत यायचे.

"बाबा, कशाला येतोस? मी खेळत नाही."

"मग? मी हॉकी बघायला येतो."

मॅच संपली की ते गाडीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेली पेस्टी काढून तिच्या हातात द्यायचे. मांस, बटाटे आणि सलगम भरलेली, मोठ्या करंजीसारखी, घरी केलेली. दोघं गाडीचा हीटर लावून ती खायचे, रस्त्यांबद्दल बोलायचे, आणि बाबा परत निघायचे.

टीम जिंकत होती. गावालगतच्या सरोवरावरून वारा सुटला की गाव दाराबाहेर पडत नसे, पण या वर्षी वाऱ्यातही माणसं रिंकवर यायला लागली. बाहेरगावच्या मॅचेसना दोघी गोलकीपरना एकच खोली मिळायची. तिथे दिवा मालवल्यावर डारिया बोलायची. घराबद्दल, आपल्या आजीच्या हातच्या बटाटा भरलेल्या पेरोगींबद्दल, शेतातल्या गोठलेल्या तळ्यावर भावाबरोबर खेळलेल्या हॉकीबद्दल. इथे तिला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. "तू सोडून," ती एकदा अंधारात म्हणाली. सिग्नेला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमध्ये, मॅचच्या अर्धा तास आधी, सिग्ने बाथरूममध्ये गेली तर आत कुणीतरी ओकत होतं. दाराखालून डारियाचे पॅड दिसत होते.

"काय खाल्लंस?"

"काही नाही." बऱ्याच वेळानं दार उघडलं. डारियाचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. "मॅचच्या आधी होतं. बारा वर्षांची होते तेव्हापासून. सगळ्या मॅचच्या आधी. सिग्ने, कुणाला सांगू नकोस. कळलं की सगळे माझ्याकडे बघत बसतात. मग मला खेळताच येत नाही."

"नाही सांगणार."

तेव्हापासून दर मॅचच्या आधी सिग्ने त्या दाराशी उभी राहू लागली. कुणी आलं की म्हणायची, "थांब, माझं पोट बिघडलंय, आत जायचंय मला." आजीचं पोट हा टीमचा विनोदाचा विषय झाला. कॅप्टन टेगननं तर सगळ्यांसमोर तिला, म्हाताऱ्यांच्या पोटाला बरा म्हणून, आलुबुखाऱ्याच्या रसाची बाटली भेट दिली. सगळ्या खोखो हसल्या. डारिया खाली बघून स्केटची नाडी आवळत राहिली.

फेब्रुवारीत घरच्या मैदानावरची शेवटची मॅच आली. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलींचा सत्कार असतो. बर्फावर गालिचा अंथरतात, मुली आईवडिलांचा हात धरून त्यावरून चालतात. सकाळी कोचनी सिग्नेला गाठलं.

"आज गोलमध्ये तू."

"सत्कार म्हणून?"

"सत्कार म्हणून," बाई सरळ म्हणाल्या. "पण जिंकायचं आहे."

सिग्नेनं तिथूनच घरी फोन लावला. फोनवर ट्रकच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"बाबा, आज मी खेळतेय."



"इकडे पहाटेपासून बर्फ नुसता कोसळतोय," ते म्हणाले. "राज्यरस्ता बंद केलाय. एक अँब्युलन्स अडकलीय, तिच्यापुढे रस्ता काढत चाललोय. दुसरा ड्रायव्हर आला तर निघतो."

दुसरा ड्रायव्हर आला नाही. दुपारी गालिच्यावर सगळ्या मुली आईवडिलांबरोबर उभ्या राहिल्या, तेव्हा सिग्नेच्या शेजारची जागा रिकामी होती. तिचं नाव पुकारलं गेलं आणि कुणीतरी तिच्या कोपरात हात घातला. डारिया. स्केट्सवर, सगळं चिलखत घालून, हातात फुलांचा गुच्छ. "चल," ती पुटपुटली, "लोक बघतायत, लवकर चल."

त्या मॅचमध्ये सिग्ने छान खेळली. तिचं तिलाही नवल वाटलं. पहिला फटका छातीवर लागला तसे तिचे हात आपोआप चालायला लागले. शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यांनी स्वतःचा गोलकीपर काढून जादा मुलगी पुढे घातली, तेव्हा ती अक्षरशः आडवी पडून पक अडवत होती. तीन-दोननं जिंकल्या. मुली तिच्या अंगावर कोसळल्या. "आजी! आजी!" सगळं रिंक ओरडत होतं.

नंतर सगळ्यांचे आईवडील मुलींना जेवायला घेऊन गेले. टेगनच्या आईनं सिग्नेलाही ये म्हटलं. "आलेच," ती म्हणाली, आणि रिकाम्या कॉरिडॉरमध्ये बसून तिनं फोन लावला.

"जिंकलो. तीन-दोन."

"दोन गेले?"

"एक टेगनच्या स्केटला लागून आत गेला."

"मग तो तुझा नव्हे." ट्रकच्या काचेवरचे वायपर कुरकुरत होते. "सांग. पहिल्यापासून सांग."

तिनं सांगायला सुरुवात केली. पहिला फटका, मग डावीकडून आलेला, मग तो टेगनच्या स्केटचा. तेवढ्यात पलीकडे वायरलेस खरखरला. "थांब, बोलावतायत मला," बाबा म्हणाले, आणि फोन बंद झाला. परत फोन येईल म्हणून ती तो हातात धरून बसली. मग खोलीवर गेली. जेवायला गेली नाही.

पुढच्या मॅचला गोलमध्ये डारिया होती, आणि ते योग्यच होतं.

मग बाद फेरी सुरू झाली. पहिली मॅच बाहेरगावी, हरलं की घरी. बाबांनी रजा काढली आणि पाच तास गाडी चालवून आले. बर्फावर सराव करताना सिग्नेला ते काचेमागे दिसले. धुतलेलं जाकीट घालून उभे होते.

सरावानंतर डारिया बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना.

"डारिया, वेळ झाली."

"मी नाही खेळत." आतून रडण्याचा आवाज. "आज नाही जमणार मला. तू खेळ. तू त्या दिवशी किती छान खेळलीस. कोचना सांग, मला ताप आहे."

सिग्ने दाराला टेकून उभी राहिली.  बाबा बाहेर होते. मास्क हातात होता. एक वाक्य बोललं की झालं, आणि ते वाक्यही तिनं मागितलेलं नव्हतं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू सांग. मी बरोबर येते."

दोघी कोचसमोर उभ्या राहिल्या. डारियानं कसंबसं सांगितलं, की बरं नाही, खेळवत नाही. ब्रॅनिगनबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. मग सिग्नेकडे वळल्या.

"तू हिच्याबरोबर असतेस. तुला काय माहीत आहे?"

डारियानं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"ती दर मॅचच्या आधी ओकते," सिग्ने म्हणाली. "आणि मग खेळते."

"दर मॅचच्या?"

"हो. आजच्यासारखंच."

बाईंनी डारियाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या बराच वेळ तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. सिग्ने बाजूला झाली. थोड्या वेळानं डारिया तिच्यासमोरून गेली. मास्क घातलेला होता. ती थांबली नाही.

त्या दिवशी डारिया जशी खेळली तशी त्या रिंकवर कुणी खेळलं नसेल. शून्य-शून्य. जादा वेळात टेगननं गोल केला आणि सगळ्या डारियाकडे धावल्या. सिग्ने फाटक लावून सगळ्यांत शेवटी पोचली. ढिगाऱ्यातून डारियाचं डोकं वर आलं होतं. "बाजूला हो," डारिया तिला म्हणाली. "श्वास घेऊ दे."

बसमध्ये ती पुढे, पहिल्या वर्षाच्या मुलींत जाऊन बसली.

आपण खरं का बोललो, हे सिग्नेला त्या वाटेवर उमगेना. टीमसाठी? तसं म्हणता आलं असतं. डारियाला खेळता येईल हे तिला माहीत होतं, म्हणून? तेही खरं. पण बाबांना काचेमागे बघितल्यावर मास्क चढवायचं जे जिवावर आलं होतं, ते कशानं? आपल्यालाच भीती वाटली का? तिला ठरवता आलं नाही. कुणाला विचारावं असंही कुणी नव्हतं. जिला विचारलं असतं ती पुढच्या सीटवर बसली होती.

पुढच्या आठवडाभरात डारियाला ज्याची भीती होती तेच झालं. कोचनी काळजीपोटी डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी समुपदेशक बाईंना सांगितलं, आणि टीमला कळायला किती वेळ लागतो? सगळ्या मुली तिच्याशी हळुवार बोलायला लागल्या. "बरं आहे ना गं? आलं घातलेला चहा देऊ?" उपांत्य सामन्याच्या आधी चौघीजणी बाथरूमच्या दाराशी उभ्या होत्या. सिग्ने त्यांच्यात नव्हती.

चार-एकनं हरल्या. चारांतले दोन गोल डारियानं एरवी डोळे मिटून अडवले असते.

कपडे बदलायच्या खोलीत मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. डारिया कोपऱ्यात, पॅडही न काढता बसली होती. सिग्ने तिच्या शेजारी जाऊन बसली.

"डारिया, मला..."

"मी पुढच्या वर्षी येणार नाहीये. घरी जाणार."

"कोचना सांगितलंस?"

"नाही." डारियानं पट्टा सोडला. "तूच सांग. तुला सवय आहे."

सिग्ने उठली. या वेळी तिनं कुणालाच काही सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये लॉकरची किल्ली परत करायला ती ब्रॅनिगनबाईंच्या खोलीत गेली. बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"डारिया परत मॅनिटोबाला, विनिपेगला चाललीय. आज कळलं. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"मग मला सांगायचं नाही का? मी तिला थांबवलं असतं."

 सिग्नेला हसू यायला लागलं, आणि ते हसू कुठे नेऊन ठेवावं ते कळेना. किल्ली टेबलावर ठेवून ती बाहेर आली.

रिंकमधला बर्फ काढून टाकला होता. खाली साधं करडं काँक्रीट, त्यावर कुठे कुठे पाणी साचलेलं. ती आत उतरली. बूट घालून तिथे चालायला विचित्र वाटत होतं. गोल जिथे असायचा तिथे ती गेली आणि समोर तोंड करून उभी राहिली. बाकावरून सगळं जवळ दिसायचं. इथून पलीकडची भिंत फार लांब होती.

तिनं खिशातून फोन काढला.

"बाबा, सामान न्यायला येशील का? शनिवारी?"

"येतो की," ते म्हणाले. "रस्ते आता मोकळे आहेत." मग विचारलं, "त्या मॅचचं अर्धंच सांगितलं होतंस. टेगनच्या स्केटनंतर काय झालं?"

सिग्नेनं कोरड्या काँक्रीटवर बसकण मारली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मग," ती म्हणाली, "मग त्यांनी उजवीकडून हल्ला केला."