पाठमोरा क्लॅरी

अल्विनने फोटोंचं पाकीट टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

"अरे, दे की," क्लॅरीची बायको नोरीन म्हणाली. "उद्या चर्चमध्ये शवपेटीवर त्याचं हेल्मेट ठेवायचंय, शेजारी फोटो नको? आमच्या घरात एक धड नाही. कॅमेरा दिसला की क्लॅरी कोंबड्यांच्या खुराड्यात पळायचा."

"माझ्याकडेही त्याचा चेहरा नाही, नोरीन."

वाचनालयातून निवृत्त झालेल्या अल्विनला गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या गाडीत फोटो काढायला क्लॅरीनेच जागा दिली होती. अट एकच. "पाइपच्या पुढे यायचं नाही. मागून आमची ढुंगणं काढ हवी तर." कितीतरी उन्हाळे, कितीतरी वणवे, अल्विनने ती अट पाळली. आग विझल्यावर काजळलेल्या तोंडांनी सगळे सँडविच खात बसत, तेव्हा कॅमेरा उचलायचा त्याला धीर होत नसे. दमलेल्या माणसांना कशाला त्रास?

नोरीनने पाकीट ओढून घेतलं.

नारिंगी धूर, पेटलेली निलगिरीची झाडं, पाइप धरून पुढे वाकलेली पिवळी पाठ. तिच्यावर मागून घट्ट टेकलेला एक हातमोजा. पाण्याच्या दाबाने पुढचा मागे रेटला जाऊ नये, आणि मागे कोणी आहे हे त्याला कळत राहावं, म्हणून दुसऱ्याने असाच हात टेकायचा असतो.

तिने फोटो उजेडाकडे धरला. अल्विन चष्मा पुसत राहिला.

"माफ कर. माणसाचा निदान चेहरा तरी..."

"गप रे." तिने हातमोज्यावर बोट ठेवलं. "ही मी. त्याचं तोंड सगळ्या गावाने पाहिलंय. धुरात मला एवढंच दिसायचं. ही पाठ हलली की मी हलायची."

"मग... हा चालेल?"

"मोठा करून आण." तिने त्याचा गार झालेला चहा ओतून टाकला आणि नवा केला. पाठमोरीच म्हणाली, "माझ्या मागे तू असायचास. मी कधी वळून पाहिलं नाही. गरजच वाटली नाही."

दुसऱ्या दिवशी अल्विन तिच्या मागच्या बाकावर बसला. पेटीजवळ क्लॅरीची पिवळी पाठ होती. लोक गायला उभे राहिले, तेव्हा नोरीन किंचित मागे झुकली.

अल्विनने कॅमेरा पायाशी ठेवला आणि हात पुढे केला.