सवतीचा टाक

दुसरेपणावर दिलेल्या बाईनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्या नगरकडची रीत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटाच्या पेराएवढी बाई. आंघोळ झाली की तिला हळदकुंकू, सणाला पहिला नैवेद्य तिला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, आमच्याकडं तर तिचा देवच करतात.

सुगंधा असा टाक घालूनच बोईसरला आली. नवरा चंद्रभान तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर गवंडी होता. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच पत्रा, त्यामुळं सगळं कानावर यायचं. टाकातली बाई म्हणजे राही, चंद्रभानची पहिली बायको. ती गेली तेव्हा तिची मंजुळा नुकती बोबडं बोलू लागली होती. पोर आईला शोधत घरभर फिरायची, तेव्हा सुगंधा घरात आल्यावर कुणीतरी तिच्या गळ्यातला टाक दाखवून पोरीला सांगितलं, "ही बघ तुजी आई." लहान पोराला असलं सांगू नये. ते खरं धरून बसतं.

मंजुळा सुगंधाला कधी हाक मारायची नाही. बोलायची ती तिच्या गळ्यातल्या टाकाशी. "आई, भूक लागली," असं टाकाला सांगायची आणि भाकरी वाढायची सुगंधा. दुपारी सुगंधाच्या कुशीत शिरून, टाकावर अंगठा घासत घासत झोपून जायची. पोरीनं एकदा मान वर करावी, आपल्या तोंडाकडं बघून आई म्हणावं, एवढंच सुगंधाला हवं होतं. माझ्यापाशी ती यावरून कितीदा रडली.

श्रावणात पोर तापानं फणफणली. सुगंधानं टाक हातात घेऊन पाहिला, तर नाक, डोळे सगळं झिजून गेलेलं.

"राही कोपली, मावशी," ती मला म्हणाली. "तिला तोंडच राह्यलं नाय."

"आगं, ताप हाय तो. दवाखान्यात ने."

ती दवाखान्यातही गेली आणि पालघरला सोनाराकडंही. झिजलेला देव पुजू नये, मोडून नवा करावा, असं तिच्या माहेरी मानत. निघण्याआधी तिनं चंद्रभानला विचारलं, "राही दिसायला कशी व्हती?"

चंद्रभान विडी ओढत राहिला. "व्हती की, बाईसारखी बाई," म्हणाला. फोटो कुणी काढलाच नव्हता. मला त्या माणसाचा असा संताप आला! संसार केला आणि बायकोचं नाकसुद्धा आठवेना.

सोनारानं मात्र काही विचारलं नाही. बायकांचा ठसा त्याच्याकडं एकच होता. जुनी चांदी वितळवून, ठोकून त्यानं नवी राही हातात दिली. टोकदार नाक, मोठे डोळे, अगदी देवीसारखी.

पोरीचा ताप दवाखान्याच्या औषधानं उतरला. पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुपारी मंजुळा सवयीनं कुशीत शिरली, अंगठा टाकावर ठेवला आणि झटक्यात काढून घेतला. उठून बसली.

"ही कोन?"

"आई हाय तुजी. नवी केली बघ."

"ही नाय. माजी आई कुठं हाय?"

सोनाराच्या मुशीत वितळली, हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगणार? शेवटी सुगंधा एवढंच म्हणाली, "गेली गं बाळा."

राही गेली हे मंजुळाला कुणी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. पोर अशी रडली की मी हातातलं काम टाकून पळत गेले. भिंतीकडं तोंड करून ती जमिनीवर पडली होती. सुगंधानं गळ्यातला टाक काढून बाजूला ठेवला, तिच्याजवळ सरकली आणि पाठीवर हात ठेवला.

"हात नको लावू," मंजुळा म्हणाली. "तू कोन हायेस?"