मोठ्या टाकीत चूक पचते

जाऊबाईंनी अंग चोरायला सुरुवात केली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तेवढ्या काळात प्रेशरकाकांना तीन माणसांनी चार प्रकारच्या टाक्या सुचवल्या होत्या.

जाऊबाई म्हणजे प्रवाळ. हॉलमधल्या दोन फुटी काचेच्या टाकीत, समुद्रासारख्या खाऱ्या पाण्यात, मधल्या दगडावर बसलेलं. लांब हिरवट बोटं, आणि शेजारी दुसरं काही वाढायला लागलं की त्याला चटके देऊन मागे सारायची सवय. म्हणून काकांच्या बायकोने तिला हे नाव दिलं होतं. खऱ्या जाऊबाई एकदा घरी आल्या आणि टाकीपुढे उभ्या राहून "किती शांत आहे हो बिचारी" म्हणाल्या, तेव्हा नवराबायकोला पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघर गाठावं लागलं होतं.

टाकी बायकोची. काका तिला 'तुझा डबा' म्हणायचे, संबंध तेवढाच. त्यांनी कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. दाबाच्या काट्यावरून नजर हलायची नाही, म्हणून सगळे त्यांना प्रेशरकाका म्हणत. इतकी वाफ कह्यात ठेवलेल्या माणसाने दोन बोटभर नारिंगी माशांपुढे मोडा टाकून बसायचं, हे त्यांना कमीपणाचं वाटे. त्या दोन माशांतली मोठी ती बायको आणि छोटा तो नवरा, हे त्यांना बायकोनेच सांगितलं होतं. "यांच्यात बायको मेली की नवरा हळूहळू बायको होतो," ती म्हणाली होती. "तुमचं काय होतं ते बघायला मी नसेन, हे बरंच आहे."

चार महिन्यांपूर्वी ती गेली. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तिने दहा-दहा लिटरचे आठ कॅन भरून बाल्कनीत ओळीने लावले होते. काकांना सांगितलं ते एवढंच, की काचेवर लाल रेघ आहे, पाणी रेघेखाली उतरलं की या कॅनमधलं भरायचं, रोज लिटरभर लागतं. बाकीचं मी आल्यावर बघते, म्हणाली. आठ कॅन पुरून उरतील असा तिचा अंदाज होता.

काकांनी एक दिवस चुकवला नाही. कॅन संपले तेव्हा त्यांनी स्वतः नवे भरले. मिठाची पिशवी कपाटात होती. महिन्यातून एकदा बादलीत मीठ ढवळून टाकीतलं थोडं पाणी बदलताना त्यांनी बायकोला पाहिलंही होतं. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं हे कळायला कोणाच्या पाया पडायची गरज नव्हती. त्यांनी काट्यावर मीठ तोललं, पाणी मापलं, अर्धा तास ढवळलं. तिच्या हातून इतकं काटेकोर कधी झालं नसेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी जाऊबाईंनी बोटं आत घेतली. कोपऱ्यातलं जांभळं छोटं प्रवाळ पांढरं पडलं. मासे खाताना कंटाळा करू लागले. काकांचं जेवण तुटलं. एकदा माणूस गेलं तेव्हा डॉक्टर होते, मशिनं होती, काकांच्या हातात काही नव्हतं. या वेळी सगळं त्यांच्याच हातात होतं, आणि तेही चाललं होतं.

म्हणून ते दुकानात गेले. दुकानदाराच्या कार्डावर नावाखाली 'सागरी सल्लागार' असं छापलेलं होतं. त्याने मोबाइलवरचा फोटो दोन सेकंद बघितला आणि सांगितलं, की टाकी लहान पडते. पाण्याची बाटली भरून आणा, तपासू, असं तो म्हणाला नाही. काय घालता, किती घालता, हेही विचारलं नाही. त्याने काकांना पाच फुटी टाकीपुढे उभं केलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"काका, मोठ्या टाकीत चूक पचते."

वाक्य काकांना पटलं. पाणी जास्त असलं की कुठलीही गोष्ट सावकाश बिघडते, यात खोटं काही नव्हतं. शिवाय ज्याच्या हातून काय चुकतंय हेच त्याला कळत नाही, त्याला चूक पचवणाऱ्या वस्तूची ओढ लागतेच.

घरी मुलीला फोनवर सांगितलं, आणि ते वाक्य घरभर झालं. मुलीला आनंद झाला, कारण बाबांना कशात तरी गुंतवा असं तिला चार जणांनी सांगितलेलं होतं. जावई लोकांची घरं सजवून देत. ते नकाशाच घेऊन आले. सहा फुटी टाकी, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधोमध, भिंत पाडून, दोन्हीकडून दिसेल अशी. काकांनी विचारलं, भिंत पाडल्यावर फ्रिज कुठे जाईल. जावई म्हणाले की फ्रिज ही तडजोडीची गोष्ट आहे. मग ते उंच, खांबासारख्या टाकीवर आले. काकांनी कोपरापर्यंत बाही सारली आणि तळाशी हात कसा पोचेल ते विचारलं. उंच टाकी दिसते छान, असं उत्तर मिळालं.

मेहुण्यांचं वेगळं. ते विमा विकत, त्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तू पडताना दिसे. एवढं पाणी म्हणजे मजल्यावर म्हैस बांधल्यासारखं, ते म्हणाले, आणि खालचे लोक विचारायला आले तर काय सांगणार. हे झाल्यावर त्यांनी स्वतःच बाकदार काचेची टाकी सुचवली. तशी त्यांच्या दाताच्या डॉक्टरकडे होती. तिच्यापुढे बसलं की दाढ दुखायची थांबते, असा त्यांचा अनुभव होता. बाकदार काचेतून म्हैस हलकी होते का, हे काकांनी विचारलं नाही. बायकोचा भाऊ होता.

काकांना खरी टाकी माहीत होती, पण ते बोलत नव्हते. खिडकीसमोरच्या भिंतीलगत, जमिनीवर, तीन वर्षांपूर्वी बायकोने काळ्या टेपने चौकट आखली होती. चार फूट बाय दोन. लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची, ती म्हणायची, जाऊबाईंना हात पसरायला चारी बाजूंनी जागा हवी, आणि खालून तुळई जाते ती इथूनच. तिने इमारतीच्या इंजिनिअरला विचारून घेतलं होतं. काका दर वेळी म्हणत, पुढच्या वर्षी बघू. चौकटीवरून चालताना मुद्दाम पाय उचलून, "पाण्यात पडेन ना," असं म्हणायचीही त्यांना हौस होती. ती गेल्यावर तेराव्या दिवशी त्यांनी बैठकीची मोठी खुर्ची ओढून त्या चौकटीवर ठेवली. टेप अर्धी झाकली गेली, तेवढं पुरे होतं.

रविवारी सगळे जमून टाकी ठरवायची, आणि दुकानदारालाही बोलवायचं, असं जावयांनी परस्पर पक्कं केलं. शनिवारी सकाळी काका जुन्या टाकीचं माप घ्यायला बसले. जुने दगड नव्या टाकीत कसे बसतील ते बघायला हवं होतं. टेपमापाची पट्टी काचेच्या वरच्या काठावरून सरकेना. काठावर पांढरा थर धरला होता. काकांनी सवयीने नख लावलं. थर करकरीत होता, पापुद्रा निघाला.

ते नख तिथेच थांबलं. हा थर त्यांच्या नखाला ओळखीचा होता. बत्तीस वर्षं बॉयलरच्या काचनळीवरून हाच खरवडला होता. नव्या प्रत्येक माणसाला ते पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे: वाफ जाते, क्षार राहतो. कितीही स्वच्छ पाणी भरा, उडेल ते पाणी, उरेल तो क्षार, म्हणून रोज तळातून थोडं सोडायचं आणि वरून गोडं घ्यायचं. हे ज्याला कळलं नाही त्याला ते बॉयलरजवळ उभं करत नसत. एकाला तर त्यांनी याच कारणावरून सगळ्यांसमोर गाढव म्हटलं होतं.

काका बाल्कनीत गेले. आठांतले तीन कॅन त्यांनी भरलेले, पाच तसेच रिकामे पडले होते. एक रिकामा त्यांनी उलटा केला. बराच वेळ धरल्यावर तळहातावर घोटभर पाणी आलं. तिने भरलेलं. त्यांनी जीभ लावली.

गोडं होतं. मिठाचा कणही नव्हता.

मग तिच्या ड्रॉवरमधलं छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र काढलं. काका ते नातवाचं खेळणं समजत आले होते. काचेवर टाकीच्या पाण्याचा थेंब ठेवला, उजेडाकडे धरलं. आत खारेपणाची पट्टी होती आणि आकडे होते, आणि आकडे वाचायला काकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. यंत्राच्या दांड्यावर तिने नेलपॉलिशने पस्तीस हा आकडा लिहून ठेवला होता. पाणी पंचेचाळिसावर होतं. पाच आठवडे त्यांनी रोज प्रेमाने, तोलून मापून, तिची टाकी खारवत ठेवली होती.

मोड्यावर बसून त्यांना हसू आलं. ते नीट हसू नव्हतं, पण दुसरं काही म्हणता येणार नाही. मोठी मासळी काचेपाशी आली आणि तिने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं, की हा रविवार नको, पुढच्याच्या पुढचा.

पंधरा दिवस ते रोज दोन तांबे खारं पाणी काढत आणि दोन तांबे गोडं घालत. घाई केली तर मासे मरतात, हे त्यांनी तिच्या वहीत वाचलं. वही चार महिने त्याच ड्रॉवरमध्ये होती. दुपारी ओल्या हातांनी, तिचा जुना रुमाल खांद्यावर टाकून, ते काठ पुसत असायचे. जांभळं प्रवाळ गेलं ते गेलंच. बाराव्या दिवशी जाऊबाईंनी तीन बोटं बाहेर काढली. तेराव्या दिवशी त्यातल्या एकाने शेजारच्या दगडावरच्या शेवाळाला हळूच चटका दिला, तेव्हा काकांनी चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

रविवारी सगळे आले. जावयांनी नकाशा पसरला, मेहुणे मोठ्या खुर्चीत बसले, दुकानदाराने कार्ड परत एकदा दिलं. काकांनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. गाढव हा शब्दही त्यांनी वगळला नाही. मुलीने मान खाली घातली. जावई म्हणाले, ठीक आहे, होतं असं. दुकानदाराला मात्र संधी दिसली. तेच तर सांगत होतो काका, तो म्हणाला, टाकी मोठी असती तर एवढी चूक सहज पचली असती.

"पचली नसती, लपली असती," काका म्हणाले. "लहान होती म्हणून पाच आठवड्यांत बोलली. तुमच्या पाच फुटीत मी वर्षभर मीठ ओतलं असतं आणि तुम्ही मला आठ फुटी दाखवली असती."

दुकानदार कार्डाच्या कडेने दात कोरू लागला. मुलीने हळूच विचारलं, की मग मोठी टाकी नकोच का बाबा.

"हवी. चार बाय दोन. ठरलेली आहे."

कोणी ठरवली, असं जावयांनी विचारलं. नकाशात तर तशी कुठेच नव्हती. काका उठले, मोठ्या खुर्चीपाशी गेले आणि खाली बघत उभे राहिले. मेहुण्यांच्या पायांच्या दोन्ही बाजूंनी काळी टेप गेली होती. एका कोपऱ्याशी ती उचकटली होती, ती काकांनी वाकून अंगठ्याने दाबली.

"उठा मेहुणे," ते म्हणाले. "तुम्ही टाकीत बसलाय."